ग्रास कटर हातात झिणझिणतो, इंजिन उघडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडे काजूची बाग, खांद्याला अडकवायचा टू स्ट्रोक ग्रास कटर, दोन हंगाम नीट चालला. यंदा लोखंडी ब्लेड लावलं की हँडल इतकं थरथरतं की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. ब्लेड नवीन आणलं, तरी फरक नाही. नायलॉन दोरीचं हेड लावलं तर बरंच कमी वाटतं. मेकॅनिकचं म्हणणं, क्रँक (इंजिनातला पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) गेला असणार, इंजिन उघडावं लागेल. आणि जाता जाता एक वाक्य: श्रावणात एकदा ब्लेड गडग्याला (बागेच्या दगडी कुंपणाला) आपटलं होतं, पण तेव्हा काही झालं नाही.

इंजिन उघडायचं की नाही हे नंतर ठरवू. आधी थरथर कुठून येते ते शोधायला हवं, कारण हातावरून ते कळत नाही. या मशीनमध्ये फिरणारे भाग एकामागे एक जोडलेले आहेत: इंजिनाचा क्रँक आणि फ्लायव्हील, मग क्लच, पाइपातून जाणारा लांब शाफ्ट, टोकाला गिअर हेड आणि त्याखाली ब्लेड. हँडल बसवलंय पाइपाच्या मध्यावर. यातला कुठलाही भाग बिघडला तरी थरथर पाइपातूनच हाताला येते आणि सगळं मशीनच हादरतंय असं वाटतं. म्हणून हँडल धरून कोणी "क्रँक गेला" म्हणालं, तर तो अंदाज आहे, निदान नाही.

पण तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. दोरीच्या हेडवर थरथर कमी होते, हे तुम्ही स्वतः लिहिलंय. इंजिन तेच, क्लच तोच, पाइप तोच. क्रँक वाकला असता तर त्याने ब्लेड आणि दोरी असा भेदभाव केला नसता. एक शंका राहते. दोरी हवेत फिरताना चांगलीच ओढ घेते, त्यामुळे तिच्यावर इंजिन ब्लेडइतका वेग गाठत नाही आणि वेग कमी तिथे थरथर कमी. म्हणजे इंजिनाला शंभर टक्के निर्दोष सोडता येत नाही, पण माझा संशय पाइपाच्या खालच्या टोकावर आहे. गडग्याच्या त्या एका वाक्यामुळे तो आणखी पक्का होतो.

आधी एक हिशेब देतो, म्हणजे "एवढ्याशा फरकाने काय होतंय" हा विचार मनातून जाईल. ब्लेड जोरात चालत असताना मिनिटाला साधारण ६,००० फेरे घेतं असं धरा. टोकाचा ५ ग्रॅमचा तुकडा उडाला आणि ते टोक मध्यापासून १२ सेंटीमीटरवर असलं, तर शाफ्टवर एका बाजूला सुमारे २४ किलोची ओढ पडते. ती ओढ ब्लेडबरोबर फिरत असते, सेकंदाला १०० फेरे. वेग निम्मा केलात तर ओढ चौथाई होते, सहा किलो. म्हणूनच कमी रेसवर बरं वाटणारं मशीन पूर्ण रेसवर हात सोडवायला लावतं.

आता तुमच्या बाबतीत नवीन ब्लेडनेही फरक का पडला नाही? मला दोन कारणं संभवतात आणि दोन्ही ब्लेडच्या वर आहेत.

पहिलं कारण साधं आहे आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत ते वारंवार दिसतं. ब्लेड शाफ्टवर थेट बसत नाही. वर एक होल्डर असतो, त्याला मध्ये उंच गोल कडं असतं. ब्लेडचं भोक त्या कड्यावर चपखल बसायला हवं. खालून दुसरा वॉशर, मग वाटी, मग नट. ब्लेड मध्यावर आणण्याचं सगळं काम ते कडं करतं, नट फक्त दाबून धरतो. दोरीचं हेड लावताना यातले काही तुकडे काढून ठेवावे लागतात. मग ते गोठ्यातल्या फळीवर राहतात, एखादा हरवतो, दुसऱ्या मशीनचा येतो, किंवा होल्डर उलटा बसतो आणि कडं वरच्या बाजूला जातं. नट घट्ट आवळला की ब्लेड हलत नाही, म्हणून सगळं बरोबर वाटतं. पण ते मध्यावर नसतं.

इथे मापाचा घोळही होतो. बाजारातल्या बहुतेक ब्लेडना २५.४ मिलिमीटरचं भोक असतं, काहींना २०. वीसच्या कड्यावर २५.४ चं ब्लेड लावलं तर ते एका बाजूला २.७ मिलिमीटर सरकू शकतं. ३०० ग्रॅमचं ब्लेड एवढंच सरकलेलं असलं तर ६,००० फेऱ्यांना ओढ होते ३२ किलोच्या वर. मघाच्या तुटलेल्या टोकापेक्षा जास्त, आणि ब्लेड मात्र कोरं करकरीत. तुम्ही किती नवीन ब्लेड आणली तरी फरक पडणार नाही. दोरीचं हेड थेट शाफ्टच्या आट्यांवर फिरवून बसतं, त्याला कड्याची गरज कमी, म्हणून तिथे थरथर कमी. तुमची सगळी लक्षणं या एका कारणाने जुळतात.

दुसरं कारण गडगा. जांभ्याचा चिरा ब्लेडच्या मानाने मऊ वाटतो, पण गडगा जागचा हलत नाही. ब्लेड अचानक थांबतं तेव्हा तो झटका गिअर हेडच्या खालच्या छोट्या शाफ्टला आणि त्याच्या बेअरिंगला बसतो. शाफ्ट केसभर वाकतो. त्या दिवशी काही जाणवत नाही कारण गवत कापलं जातच असतं. मग बेअरिंग हळूहळू खेळू लागतं आणि महिन्याभराने थरथर लक्षात येते. "तेव्हा काही झालं नाही" हे म्हणूनच मी फारसं मनावर घेत नाही.

या दोघांतलं कोणतं, हे घरी ठरवता येतं. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, ही पायरी कृपया गाळू नका, आणि जाड हातमोजे घाला. मशीन उलटं करून ब्लेड वर येईल असं टेबलाला किंवा झाडाच्या बेचक्याला बांधा. टाकीचं झाकण घट्ट आहे ना पाहा, नाहीतर पेट्रोल गळेल. आता ब्लेडच्या एका टोकाजवळ पेन्सिल अशी बांधा की टोक आणि पेन्सिल यांत कागदाच्या चार घड्या जातील एवढी फट राहील. ब्लेड हाताने फिरवा आणि प्रत्येक दात पेन्सिलीसमोर आला की फट पाहा.

फट दोन प्रकारे बदलू शकते आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. दात पेन्सिलीच्या जवळ-लांब होत असेल, म्हणजे मध्यापासूनचं अंतर बदलत असेल, तर ब्लेड मध्यावर बसलेलं नाही: होल्डर, कडं, भोकाचं माप पाहा. दात वर-खाली होत असेल, म्हणजे ब्लेड छताच्या वाकड्या पंख्यासारखं डोलत असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा ब्लेड आणि होल्डरच्या मध्ये माती, गवत अडकलंय. एखाद्या मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. दोनच्या पुढे गेला की नाही.

डोलणं दिसलं तर ब्लेड वाकडं की शाफ्ट, हे ओळखण्याची एक युक्ती आहे. मार्करने ब्लेडवर आणि होल्डरवर समोरासमोर खूण करा. नट सैल करून ब्लेड अर्धा फेरा पुढे फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा पेन्सिल लावा. डोलणं ब्लेडच्या खुणेबरोबर सरकलं तर ब्लेड वाकडं. ते होल्डरच्या खुणेपाशीच राहिलं तर वाकडेपणा होल्डरमध्ये किंवा शाफ्टमध्ये. मग होल्डरही काढून, पुसून, शाफ्टच्या दात्यांवर जागा बदलून बसवा आणि तोच प्रयोग करा. शेवटी शाफ्टच उरला तर मात्र गिअर हेड बदलण्यावाचून इलाज नाही. ठोकून सरळ करायला जाऊ नका, आतलं बेअरिंग आणि गिअरचे दाते दोन्ही जातील.

नट काढताना लक्षात ठेवा: जवळजवळ सगळ्या ग्रास कटरचा ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअर हेडला बाजूने एक भोक असतं, होल्डरवरही असतं. दोन्ही जुळवून त्यात अ‍ॅलन की किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हर घातला की शाफ्ट अडकतो. हे माहीत नसलेले लोक ब्लेडमध्ये लाकूड घालून, पान्यावर पाय देऊन नट आवळतच जातात आणि शेवटी आटे उडवतात.

गिअर हेडचा बेअरिंग पाहायला ब्लेडचं टोक धरून वर-खाली हलवा. किंचित लवचिकता चालते. टक-टक असा खेळ हाताला लागला किंवा हाताने फिरवताना आत वाळू असल्यासारखं खरखरलं, तर बेअरिंग संपलंय. बऱ्याचदा त्याचं मूळ ग्रीस न भरण्यात असतं. गिअर हेडच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो काढून ग्रीस भरायचं असतं, साधारण २५ तासांच्या कामानंतर एकदा. दोन हंगाम वापरणाऱ्याला तो स्क्रू माहीतच नसतो. दुसरं कारण वेली. होल्डर आणि गिअर हेडच्या मधल्या फटीत वेल किंवा नायलॉनचा तुकडा गुंडाळला जातो, सील फाटतं, ग्रीस बाहेर आणि माती आत. रोज काम संपल्यावर ती फट चाकूने साफ करायला एक मिनिट लागतं.

ब्लेडबद्दल थोडं, कारण जुनं ब्लेड तुम्ही टाकून दिलं नसेल. ते रॉकेलने पुसा, कोरडं करा आणि दातांच्या मुळाशी खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल पाच-दहा मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटवतं. तडा दिसला की ब्लेड भंगारात. वेल्डिंग करून देणारे भेटतील, करून घेऊ नका. उडालेला दात समोरच्याच्या पायात जातो. तडा नसेल तर तोल पाहा: व्हाइसमध्ये गुळगुळीत सळी आडवी पकडा, ब्लेड भोकातून तिच्यावर अडकवा, वेगवेगळ्या जागी सोडून पाहा. दरवेळी तोच दात खाली येत असेल तर तो जड. त्याच्या पाठीमागून कानशीने थोडं थोडं काढा, धारेकडून नको. मुळात तोल जातो तोच धार लावताना. एका दाताला जास्त कानस मारली जाते, दुसऱ्याला कमी. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात मारा. ग्राइंडरवर धार लावून पोलाद निळं पडलं असेल तर तो भाग मऊ झाला, पुढच्या दगडाला वाकणार. आणि ८० दाती गोल ब्लेड वापरत असाल तर टोकांना डकवलेले कार्बाइडचे तुकडे सगळे जागेवर आहेत का, तेही मोजा. रानमोडीच्या खोडांना ते ब्लेड चांगलं, पण कातळावर ते तुकडे पटापट उडतात.

समजा हे सगळं निर्दोष निघालं. मग पुढची पायरी: ब्लेड, होल्डर, वॉशर, नट, सगळं काढून शाफ्ट मोकळा ठेवा, प्लगची टोपी लावा, इंजिन सुरू करा आणि अर्ध्या रेसपर्यंत चार-पाच सेकंद न्या. पूर्ण रेस देऊ नका, भार नसलेलं टू स्ट्रोक इंजिन मर्यादेपलीकडे पळतं. थरथर गेली तर दोष ब्लेडच्या बाजूला होता हे नक्की, आणि तुम्ही वरच्या तपासणीत काहीतरी चुकवलंय. थरथर तशीच असेल तर वर सरका.

पाइपात लांब शाफ्टला ठरावीक अंतरावर बुश, म्हणजे आधार देणारी छोटी कडी, धरून ठेवतात. ते झिजले की शाफ्ट मधूनच फटके मारू लागतो. याची खूण आवाजात आहे: एका ठरावीक रेसवर पाइपाच्या मध्यातून खडखड वाढते, रेस पुढे नेली की कमी होते. ब्लेडचा दोष रेसबरोबर वाढतच जातो, असा मध्येच शहाणा होत नाही. गिअर हेड सुटं करून शाफ्ट ओढून काढा आणि कडप्प्यावर लोळवा. सरळ असेल तर गुळगुळीत लोळेल, वाकडा असेल तर उड्या मारेल. मशीन टेम्पोत टाकून वर खताची पोती ठेवणाऱ्यांचा पाइपच वाकतो, तोही डोळा लावून पाहा. पाठीवरच्या मॉडेलमध्ये शाफ्ट लवचिक असतो, तिथे नळी तीव्र वळणात धरून काम केलं किंवा ग्रीस सुकलं की असाच त्रास होतो.

त्याच वेळी रबर पाहा. इंजिन आणि पाइपाच्या जोडावर, तसंच हँडलच्या क्लॅम्पमध्ये रबर असतं. ते थरथर निर्माण करत नाही, पण ती हातापर्यंत जाऊ न देणं हेच त्याचं काम. पेट्रोल आणि उष्णतेने ते दगडासारखं होतं किंवा फाटतं, मग आधीची चालून जाणारी थरथरही असह्य होते. इंजिन एका हातात, पाइप दुसऱ्या हातात धरून पिळा. डगडगलं तर रबर किंवा बोल्ट गेलेत. क्लॅम्पचे, हँडलचे, क्लच केसचे बोल्ट आवळून घ्या. हे काम मी सगळ्यात आधीच करून टाकतो, कारण फुकट आहे.

राहिलं इंजिन. इंजिनाची थरथर वेगळी असते. ती आयडलवरही, म्हणजे रेस न देताही असते, आणि झिणझिणीपेक्षा धडधडीसारखी लागते. धडधड असेल तर आधी इंधन. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दोन महिने टाकीत राहिलेल्या मिश्रणाकडून काही अपेक्षा ठेवू नका. ताजं पेट्रोल, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात टू टी ऑइल (१:४० असेल तर लिटरला २५ मिली, १:५० असेल तर २०), साफ प्लग. मग स्टार्टरचं कव्हर काढून फ्लायव्हीलची पाती पाहा. एक जरी तुटलेलं असलं तरी तोल गेला. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, ते मी अनेकदा खरवडून काढलंय. क्लचची स्प्रिंग तुटली तर आयडललाही ब्लेड फिरत राहतं, तीही खूण लक्षात घ्या. पाइप काढून नुसतं इंजिन चालवून पाहण्याचा मोह होईल; पाइप काढल्यावर क्लचचे शू उघडे दिसत असतील तर इंजिन अजिबात सुरू करू नका, ड्रमशिवाय ते बाहेर फेकले जातात. एवढं सगळं पाहूनही दोष इंजिनातच निघाला, तर क्रँकची गोष्ट काढायची.

बोटांचंही मनावर घ्या. बधिरपणा हा फक्त थकवा नाही. वर्षानुवर्षं थरथरणारी अवजारं धरणाऱ्यांच्या बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, आणि पुढे गेलेलं नुकसान भरून येत नाही. युरोपात २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या कामाला हातावरच्या थरथरीची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. थरथर दुप्पट झाली तर तेवढाच मार बसायला वेळ निम्मा लागत नाही, चौथाईच लागतो: आठ तासांचं काम दोन तासांवर येतं. तुमचं मशीन दुरुस्त होईपर्यंत दोरीचं हेड वापरा, कमी रेसवर, आणि अर्ध्या तासाने मशीन खाली ठेवा. काम संपल्यावरही बधिरपणा तासनतास राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दोरी वापरताना गार्ड काढून टाकू नका. त्यातलं छोटं पातं दोरीची दोन्ही टोकं सारखी कापतं. गार्ड काढलं की एक टोक लांब, एक आखूड, आणि तुम्ही पुन्हा थरथरीवर येता.

आता मेकॅनिकला काय सांगायचं. "इंजिन उघडा" ऐवजी "ब्लेडचा होल्डर आणि गिअर हेडचा शाफ्ट तपासा" असं सांगा आणि पेन्सिलीचा प्रयोग त्याच्यासमोर करा. गिअर हेड बदलायचंच ठरलं तर जुनं बरोबर घेऊन दुकानात जा: पाइप २६ मिलिमीटरचा की २८ चा, शाफ्टला दाते ७ की ९, हे जुळलं नाही तर परत फेरी पडते. होल्डर आणि वॉशरचा सेट त्याच वेळी नवीन घ्या, ब्लेडचं भोक कड्यावर बसवून पाहूनच पैसे द्या.

पेन्सिलीसमोर दात जवळ-लांब होतो की वर-खाली, आणि मोकळ्या शाफ्टवर थरथर राहते का, एवढ्या दोन गोष्टी कळवा. मशीनचं मॉडेल आणि होल्डरचा फोटोही पाठवा. त्यावरून कुठला सुटा भाग मागवायचा ते सांगतो.